गोल गोळीचा कैवार

शस्त्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा लढायांच्या अनुषंगाने लिहितात आणि शिकारीचा इतिहास लिहिणारे बहुधा वाघांच्या. या दोहोंच्या मध्ये एक लहानशी वस्तू दुर्लक्षित राहून गेली आहे. ती म्हणजे गोळी. बंदूक कोणाची, किती नळ्यांची, कोणत्या कारागिराच्या हातची, हे सारे नोंदले जाते. पण नळीतून जी वस्तू बाहेर पडते, आणि जिच्यावर सावजाचे मरण व शिकाऱ्याचे जगणे अवलंबून असते, ती तेवढी अनामिक राहते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, म्हणजे धातूच्या काडतुसाचा अंमल सुरू होण्यापूर्वीच्या वीस-पंचवीस वर्षांत, या गोळीवरून मोठा वाद माजला होता. गोळी पूर्वापार चालत आलेली गोल असावी, की नव्या शास्त्राने सांगितलेली लांबट व टोकदार असावी, हा तो वाद. तो इंग्लंडात झाला, अमेरिकेत झाला. आणि त्यातील एक खंदा पक्षकार सातपुड्याच्या रानात, नागपूरहून कारभार चालणाऱ्या मुलखात नेमणुकीवर असलेला एक तरुण अधिकारी होता. या वादाचे मर्म सर्वांत आटोपशीर रूपात पाहावयाचे असेल तर ठासणीच्या रिव्हॉल्व्हरकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

ठासणीची बंदूक आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेली असते. निदान एखाद्या जुन्या वाड्यात भिंतीवर टांगलेली तरी. ठासणीचे रिव्हॉल्व्हर मात्र आपल्याकडे फारसे दृष्टीस पडत नाही. त्याची रचना थोडक्यात अशी. नळीच्या मागे एक फिरते चक्र. त्या चक्रात सहा, क्वचित पाच, कोठे. प्रत्येक कोठ्यात पुढच्या तोंडाने आधी मोजून काळी दारू ओतावयाची, तिच्यावर शिशाची गोळी ठेवावयाची, आणि नळीखाली जोडलेल्या दांडीने ती गोळी आत दाबून बसवावयाची. मागच्या अंगास प्रत्येक कोठ्याला एक बारीक छिद्राची बोंडी असते. तिच्यावर तांब्याची चिमुकली टोपी चढवावयाची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते व बार उडतो. गोळी कोठ्याच्या तोंडाहून केसभर मोठी घेतलेली असते, त्यामुळे आत शिरताना तिच्या कडेचे शिसे कातले जाऊन एक बारीक कडे बाहेर पडते. हे कडे पडले म्हणजे समजावयाचे की गोळी घट्ट बसली. शेवटी वरून थोडी चरबी माखावयाची. गोळी सैल राहिली तर एका कोठ्याची आग शेजारच्या कोठ्यात शिरून दोन-तीन बार एकदम उडण्याचा संभव असे, आणि तसे झाले म्हणजे धरणाऱ्याची बोटे शाबूत राहतील याचा भरवसा नसे.

आता यातील गणित पाहू. कोठ्याची लांबी कारखान्यात ठरून गेलेली असते. तेवढ्याच जागेत दारू आणि शिसे या दोघांनी राहावयाचे. गोळी लांब केली की दारूची जागा कमी झालीच. रायफलीच्या नळीत मूठभर दारू अधिक ओतता येते. रिव्हॉल्व्हरच्या कोठ्यात ती सोय नाही. शिवाय काळी दारू म्हणजे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा व दहा भाग गंधक यांचे मिश्रण. (यातला सोरा इंग्रजांना दीर्घकाळ आपल्या बिहारनेच पुरविला, हे जाता जाता सांगून टाकावे.) ही दारू जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग वायू न होता काजळीच्या व क्षारांच्या रूपाने मागे उरतो. म्हणजे शक्ती वाढवावयाची तर दारूचे आकारमानच वाढवावे लागते. दुसरा उपाय नाही. ४४ या मापाच्या, म्हणजे इंचाचे शंभर भाग केल्यास त्यांतील चव्वेचाळीस भाग व्यासाची नळी असलेल्या, रिव्हॉल्व्हरची गोल गोळी सुमारे १४० ग्रेनची असते. आपल्या जुन्या मापाने पाऊण तोळ्याहून किंचित अधिक. त्याच मापाची टोकदार गोळी २०० ग्रेनच्या पुढे जाते. पहिल्या गोळीमागे तीस-पस्तीस ग्रेन दारू मावते, तर दुसरीमागे पंचवीसच्या आसपास. वजन घ्यावे तर वेग जातो आणि वेग घ्यावा तर वजन जाते.

सॅम्युअल कोल्ट या अमेरिकन कारखानदाराने या पेचावर मोठा व्यवहारी तोडगा काढला होता. त्याच्या रिव्हॉल्व्हरबरोबर पेटीत गोळ्या ओतण्याचा जो साचा मिळे, त्यात दोन खळगे असत. एक गोल, एक टोकदार. शिसे वितळवून साच्यात ओतले की प्रत्येक खेपेस दोन्ही प्रकारची एकेक गोळी तयार. निवड गिऱ्हाइकाची. कारखान्याने गिऱ्हाइकाच्या अकलेवर इतका विश्वास ठेवल्याची उदाहरणे पुढच्या काळात फारशी सापडत नाहीत.

गोल गोळीला तोवर तीन-चार शतके उलटून गेली होती. १८१९ साली वाघाच्या शिकारीस निघालेल्या मद्रास घोडदळातील जॉन स्मिथला अजिंठ्याची लेणी दिसली, तेव्हा शिकाऱ्यांच्या पिशवीत गोल गोळीच असे. ही स्थिती पालटली ती पुढच्या तीन दशकांत, आणि त्या पालटाचे एक मूळ हिंदुस्थानातच असल्याचे सांगतात. कॅप्टन जॉन नॉर्टन नावाचा इंग्रज अधिकारी दक्षिण हिंदुस्थानात असताना तेथील लोकांच्या फुंकनळीचे बाण त्याने निरखून पाहिले. बाणाच्या बुडाशी मऊ भेंडाचा गट्टू असे; फुंकर मारताच तो गट्टू फुगून नळीच्या अंगाशी घट्ट बसे व फुंकर वाया जात नसे. यावरून त्याला बुडाशी पोकळ असलेल्या लांबट गोळीची कल्पना सुचली. इंग्लंडच्या लष्करी खात्याने ती बाजूस सारली. पुढे १८४९ च्या सुमारास फ्रान्सच्या मिन्ये या कॅप्टनने त्याच तत्त्वावर गोळी केली आणि तिचे नाव जगभर झाले. नळीपेक्षा थोडी बारीक असल्यामुळे ही गोळी अलगद आत सरके. बार उडताच तिचे पोकळ बूड फुगून नळीतील आट्यांत रुते. भरावयास सोपी, पल्ल्यास लांब. दहा वर्षांच्या आत युरोप-अमेरिकेतील सैन्यांनी तिचा स्वीकार केला, आणि गोल गोळी ही आजोबांच्या काळची अडगळ ठरली.

सैन्याने ज्याला मान्यता दिली ते शिकाऱ्यालाही उत्तमच असणार, असा समज साहजिकच पसरला. वास्तविक सैनिकाचे काम आणि शिकाऱ्याचे काम यांत मोठे अंतर आहे. सैनिकाला तीनशे यार्डांवरील रांगेतला कोणीतरी एक लढण्यास निकामी झाला म्हणजे पुरे. शिकाऱ्याला समोर उभे असलेले एक विशिष्ट जनावर, आणि तेही जागच्या जागी, मरावयास हवे असते. जखमी सैनिकाला त्याची माणसे उचलून नेतात. जायबंदी सांबर झाडीत शिरते आणि तीन दिवस तडफडून मरते. जायबंदी वाघ दुसऱ्या दिवशी लाकूडतोड्यावर उलटतो. गोळीच्या निवडीचा प्रश्न हा असा दुसऱ्याच्या जिवाशी येऊन भिडतो.

रिव्हॉल्व्हरची गोष्ट अशीच झाली. कोल्टने अमेरिकेतले पेटंट १८३६ साली घेतले. पण त्याच्या मालाला बाजार मिळाला तो टेक्सासच्या घोडेस्वारांमुळे. त्यांच्यापैकी सॅम्युअल वॉकर या कॅप्टनच्या सूचनांवरून १८४७ साली कोल्टने एक अजस्र रिव्हॉल्व्हर तयार केले. वजन साडेचार पौंडांहून अधिक, म्हणजे दोन किलोच्या वर. नळी नऊ इंच. आणि प्रत्येक कोठ्यात ६० ग्रेन दारू मावेल अशी सोय. ठासणीच्या कोणत्याही रिव्हॉल्व्हरने शिकारीस जावयाचे तर ते हेच, असे आजही जाणकार म्हणतात. परंतु मेक्सिकोच्या युद्धात या रिव्हॉल्व्हरांची कितीतरी चक्रे फुटली. त्या वेळचे लोखंड कच्चे होते, हे एक कारण. दुसरे असे सांगितले जाते की, सैन्यातून मिळालेली टोकदार गोळी काही शिपाई उलटी, म्हणजे टोक आत करून भरीत, आणि त्यामुळे कोठ्यात मुळापेक्षा जास्त दारू मावे. गोल गोळीला पुढचे आणि मागचे असे काही नसतेच. तिला उलटी भरणे ब्रह्मदेवालाही शक्य नाही. धावपळीत, अंधारात, घोड्यावर बसून जे हत्यार भरावयाचे आहे त्याच्या बाबतीत हा गुण लहान नव्हे. वॉकर स्वतः त्याच वर्षी ऑक्टोबरात वामांत्ला येथील लढाईत पडला. पुढच्या नमुन्यांत कोल्टने कोठे आखूड केले.

एवढे होऊनही अमेरिकेच्या सैन्याने रिव्हॉल्व्हरसाठी पसंती दिली ती टोकदार गोळीलाच. त्याचे कारण शोधावयास फार लांब जावे लागत नाही. टोकदार गोळीच्या बुडाशी दारूची कागदी पुरचुंडी चिकटवून, सहा-सहांची खोकी बांधून, कोठारात रचून ठेवणे सोयीचे पडते. शिवाय बुडाशी किंचित निमुळती केली की ती कोठ्याच्या तोंडात पटकन उभी राहते. सरकारी कोठाराचा व्यवहार ज्यांनी थोडाफार पाहिला आहे, अशा आमच्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. जी वस्तू मोजावयास, बांधावयास आणि पाठवावयास सोपी, ती वापरावयासही चांगली असलीच पाहिजे, अशी खात्याची नेहमीच श्रद्धा असते. वापरणाऱ्याचा अभिप्राय मागविला जात नाही असे नाही. तो यथावकाश येतो आणि फायलीस लागतो.

वापरणाऱ्यांचा अभिप्राय काय होता हे पाहावयाचे तर अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांवर जावे लागेल. तेथे गव्यासारख्या प्रचंड रानबैलांचे, ज्यांना तिकडे बायसन म्हणतात त्यांचे, कळपच्या कळप चरत. त्यांची शिकार घोड्यावरून धावत्या कळपात शिरून होई. शिकारी आपला घोडा बैलाच्या अगदी बरगडीला नेऊन भिडवी आणि दोन-तीन हातांवरून मारा करी. तेथील मूळ रहिवासी हे काम धनुष्याने करीत, आणि ठासणीच्या बंदुकीपेक्षा धनुष्यच त्या कामी सरस आहे असे कित्येक गोऱ्या शिकाऱ्यांनीही मान्य केले आहे. कारण पहिली गोळी झाडून दुसरी भरीपर्यंत धनुर्धाऱ्याचे पाच-सहा बाण सुटलेले असत. यावर कॅनडातील रेड नदीच्या काठच्या मेती लोकांनी शोधलेली युक्ती मोठी विलक्षण होती. हे लोक तोंडात मूठभर गोल गोळ्या धरून घोडा फेकीत. बार झाला की नळीत अंदाजाने दारू ओतावयाची, तोंडातली एक गोळी थेट नळीत थुंकावयाची, बंदुकीचा दस्ता खोगिरावर आपटावयाचा, आणि नळी खाली करता करता चाप ओढावयाचा. ओल्या गोळीला दारू चिकटून ती क्षणभर जागेवर राही. तेवढा क्षण पुरत असे. नाही पुरला तर गोळी पुढे घरंगळून नळी फुटे. म्हणून या लोकांत बोटे तुटलेले शिकारी पुष्कळ दिसत. हा सारा उद्योग गोल गोळीनेच होऊ शकतो, हे सांगणे नलगे.

रिव्हॉल्व्हर आले तेव्हा धनुष्याला तोड मिळाली. पाच-सहा बार एका दमात. घोड्यावर ते पुन्हा भरणे शक्य नसे, म्हणून काही जण भरलेली दोन-दोन रिव्हॉल्व्हरे बाळगीत. अंतर इतके थोडे की नेमाचा प्रश्नच नाही; प्रश्न होता तो घोड्याच्या स्थैर्याचा. जनरल कस्टरची १८६७ सालची कॅन्सासमधली हकीकत या बाबतीत प्रसिद्ध आहे, आणि ती त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. फौजेला मागे टाकून तो एकटाच शिकारी कुत्रे घेऊन पुढे गेला. एक मोठा बैल दिसला. मैलोगणती पाठलाग करून त्याने घोडा बैलाच्या अंगाला लावला, रिव्हॉल्व्हर रोखले, आणि त्याच क्षणी बैल घोड्यावर वळला. घोडा बुजून बाजूस उडाला. लगाम सावरण्यासाठी कस्टरने रिव्हॉल्व्हरचा हातही पुढे नेला. बोट चापावर पडले आणि गोळी घोड्याच्याच मस्तकात गेली. घोडा जागीच ठार. सेनापती जमिनीवर. बैलाने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि तो निघून गेला. शत्रूच्या मुलखात पायउतार झालेला कस्टर आपली फौज येईपर्यंत कुत्र्यांच्या सोबतीने चालत राहिला. या कथेत गोळी गोल होती की टोकदार हे कोठे लिहिलेले नाही. त्या अंतरावर कोणतीही चालली असती.

परंतु बैलाच्या बाबतीत कोणतीही चालत नव्हती, आणि येथे गोल गोळीच्या बाजूने बोलताना थोडा विचार करावयास हवा. १४० ग्रेनची मऊ शिशाची गोळी दर सेकंदास नऊशे-हजार फुटांच्या वेगाने निघाली तरी तिचा जोर त्या काळच्या लष्करी रायफलीच्या जोराच्या जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा भरतो. हरणाच्या फुप्फुसांना ती पुरते. बैलाचा खांदा, त्यावरची जटा, चामडे आणि हाड हे सारे भेदून काळजापर्यंत पोचावयाचे तर वजन आणि लांबी यांचा उपयोग होतो, आणि तेथे टोकदार गोळी सरस ठरते. जाणते शिकारी म्हणून खांद्यावर मारीतच नसत. खांद्याच्या मागे, खालच्या अंगास, जेथे बरगड्यांवर चामडे पातळ असते तेथे मारीत. त्या जागी गोल गोळी आत शिरते, चपटते आणि आपला सारा जोर आतच टाकते. टोकदार गोळी पुष्कळदा सुईसारखी आरपार जाते. तिच्यामागे मांस मिटते, रक्ताचा माग लागत नाही, आणि जनावर मैलभर जाऊन कोठेतरी पडते. म्हणजे निवड गोळीची आहे असे दिसले तरी ती खरोखर जागेची आणि अंतराची निवड आहे. जवळ जाण्याची तयारी असेल आणि बरगडीचीच वाट पाहण्याचा संयम असेल, त्याने गोल गोळी घ्यावी.

या शिकारीचा शेवट मात्र लांब गोळीनेच केला. १८७० नंतर कातड्याचे व्यापारी मैदानावर उतरले. त्यांच्या माणसांना घोडा नको होता. दोन-तीनशे यार्डांवर गवतात आडवे पडावयाचे, वजनदार रायफल टेकूवर ठेवावयाची, कळपाची पुढारीण आधी टिपावयाची आणि मग गोंधळून जागीच घोटाळणारा कळप एकेक करून संपवावयाचा. पल्ला हा लांब गोळीचा खरा गुण. त्या गुणाचा असा उपयोग झाला. १८८९ साली विल्यम हॉर्नाडे या प्राणिशास्त्रज्ञाने उरलेल्या रानबैलांची मोजदाद केली तेव्हा साऱ्या उत्तर अमेरिकेत, पाळीव धरून, १,०९१ भरले. हाच हॉर्नाडे त्याआधी बारा वर्षांपूर्वी हिंदुस्थानात चंबळ-यमुनेच्या पाण्यात मगरींमागे आणि अण्णामलैच्या रानात हत्तींमागे संग्रहालयासाठी नमुने गोळा करीत हिंडला होता.

आता आपल्याकडे येऊ. १८५७ च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला दोन प्रकारची रिव्हॉल्व्हरे होती. कोल्टचे ३६ मापाचे, आणि लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सचे त्याहून जाड गोळीचे. कोल्टची गोल गोळी ८० ग्रेनची, अर्ध्या तोळ्यालाही कमी. उंबेलाच्या मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेला फॉसबेरी हा अधिकारी पुढे एक हकीकत सांगत असे. आपल्या नेमाचा अभिमान बाळगणाऱ्या एका अधिकाऱ्यावर एक धिप्पाड शिपाई तलवार उपसून धावला. अधिकाऱ्याने कोल्टच्या पाच गोळ्या त्याच्या अंगात घातल्या. सर्व बरोबर जागी लागल्या. शिपाई थांबला नाही. त्याने अधिकाऱ्याचे डोके दुभंगले आणि मगच तो पडला. या कथेत सहानुभूती कोणाकडे ठेवावी हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पण बारीक गोळीविषयीचा तिचा साक्षीपुरावा नाकारता येत नाही. गोल गोळीचे वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. माप ३६ वरून ४४ वर गेले की व्यास थोडासाच वाढतो, वजन जवळजवळ पाऊणपट वाढते. गोल गोळी घ्यावयाची तर जाड घ्यावी, हा या घनाचा अर्थ.

टोकदार पक्षानेही हिंदुस्थानात कमी प्रयोग केले नाहीत. मुंबई सैन्याचा जॉन जेकब, ज्याच्या नावाने सिंधमधील जेकबाबाद वसले, त्याने आपल्या दुनळी रायफलीसाठी टोकात स्फोटक भरलेली लांब गोळी तयार केली होती. फॉसबेरीनेही उंबेलाच्या मोहिमेत अशा गोळ्या वापरल्या. त्यांचा बोभाटा होऊन १८६८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे राष्ट्रांनी ठराव केला की, ४०० ग्रॅमपेक्षा हलके स्फोटक गोळे युद्धात वापरू नयेत, कारण त्यांनी विनाकारण यातना वाढतात. हा ठराव माणसांपुरता होता. वाघ-गव्यांसाठी त्या गोळ्या बाजारात पुढेही मिळत राहिल्या.

आणि नेमक्या याच काळात गोल गोळीचा खरा वकील सातपुड्यात हिंडत होता. जेम्स फोर्सिथ हा १८३८ चा जन्मलेला. मध्यप्रांत १८६१ साली नवाच बनला होता आणि नागपूर त्याची राजधानी. फोर्सिथ प्रथम जंगलखात्यात होता; पुढे रिचर्ड टेंपलच्या कारकिर्दीत निमाडचा सेटलमेंट अधिकारी आणि डेप्युटी कमिशनर झाला. जमिनीची मोजणी, सारा ठरविणे, सालई-सागाच्या रानांची पाहणी, असे त्याचे काम. पंचविशीतल्या या माणसाने १८६३ साली शिकारी रायफल आणि तिची गोळी यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यात लंडनच्या बड्या बंदूककारांना सरळ सांगितले की तुमचे चुकते आहे.

त्याचा मुद्दा मोजणीदाराला शोभेल असाच होता. लांब गोळी हवेत टोक पुढे ठेवून जावी म्हणून तिला जोराची गिरकी द्यावी लागते, आणि त्यासाठी नळीतील आट्यांना घट्ट पीळ द्यावा लागतो. गोल गोळीला टोकच नाही. तिला थोडी गिरकी पुरते. पण बंदूककार गोल गोळीच्या रायफलीलाही सवयीने घट्टच पीळ देत. अशा नळीत दारू वाढविली की मऊ गोळी आटे न जुमानता सरळ घसरून निघे व नेम बिघडे. म्हणून ते दारू कमी करावयास सांगत. म्हणून गोळी मंद जाई. आणि मग गोल गोळी मंद व कुचकामी आहे असा निष्कर्ष काढला जाई. फोर्सिथ म्हणाला, पीळ सैल करा. चौदा बोरच्या, म्हणजे एका पौंडात चौदा गोळ्या बसतील अशा, नळीसाठी त्याने ८ फूट ८ इंचांत एक फेरा हे प्रमाण दिले. सव्वीस इंचांच्या नळीत गोळी जेमतेम पाव फेरा फिरते. एवढ्या सैल पिळात पाच ड्राम, म्हणजे जवळजवळ १३७ ग्रेन, दारू खुशाल घालावी. गंमत ही की चौदा बोरच्या गोल गोळीचे वजन ५०० ग्रेन भरते. अमेरिकन सैन्याच्या मिन्ये गोळीचेही तेवढेच. परंतु मिन्ये गोळीमागे दारू ६० ग्रेन. शिसे तेच, तोंड अधिक रुंद, दारू दुपटीहून जास्त.

एवढा अट्टाहास कशासाठी? रानातील अंतराच्या अंदाजासाठी. मंद गोळी कमानीसारखी वर जाऊन खाली येते. चांदमारीच्या मैदानावर अंतर पाटीवर लिहिलेले असते, तेथे ते चालते. बांबूच्या बेटात, उन्हा-सावलीच्या जाळीत, समोरचे सांबर साठ यार्डांवर आहे की शंभर, हे कोणी सांगावे? अंदाज चुकला की खांद्यामागे जावयाची गोळी पोटात जाते. शंभर यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत जाणारी वेगवान गोळी असली म्हणजे अंदाज करावाच लागत नाही. फोर्सिथच्या या सूत्रात लांब पल्ला जाणूनबुजून सोडलेला आहे. ज्या अंतरावर जनावर नीट दिसत नाही त्या अंतरावर गोळी झाडण्याचे प्रयोजनच नाही, अशी त्यामागची भूमिका आम्हांस दिसते. आणि त्या काळच्या साहेबी शिकारीतील एकंदर नासधूस लक्षात घेता ती भूमिका बरीच विवेकी म्हणावी लागते. सॅम्युअल बेकरसारखे सिलोनात हत्ती मारणारे दांडगे शिकारीही भरपूर दारूच्या बाजूचे होते. पण बेकरची रायफल एकवीस पौंडांची, आणि ती खांद्यावर घेऊन उभे राहावयास बेकरच हवा. फोर्सिथने साधारण माणसाला पेलेल असे हत्यार सांगितले.

फोर्सिथने हे रायफलीविषयी लिहिले. ते रिव्हॉल्व्हरला लावीत आहोत ते आम्ही. हिंदुस्थानातील शिकारीत एकहाती हत्याराची जागा शेवटच्या क्षणाची असे. वाघ हत्तीच्या गंडस्थळावर चढून हौद्यापर्यंत आला की जाड तोंडाचे दुनळी हौदा-पिस्तूल झाडावयाचे. अंतर एक हात. पण तत्त्व तेच राहते. ठासणीच्या रिव्हॉल्व्हरने कोणी पंचवीस-तीस यार्डांच्या पलीकडे शहाणपणाने शिकार करू शकत नाही. लांब गोळीचा पल्ल्याचा गुण त्या अंतरात वायाच जातो आणि दारूची जागा मात्र ती अडवून बसते. गोल गोळी आपला वेग लवकर गमावते हे खरे. पण पंचवीस यार्डांत गमावण्यासारखे फार काही नसते.

१८७० च्या आसपास धातूचे काडतूस आले आणि हा वाद मिटला नाही, तर बंद पडला. गोळी, दारू आणि टोपी कारखान्यातूनच एकत्र बांधून येऊ लागली. दोन खळग्यांच्या साच्याचे प्रयोजन उरले नाही. आपल्याकडे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने एतद्देशीयांच्या बाबतीत हत्यार बाळगण्याचाच प्रश्न परवान्याच्या खिडकीवर नेऊन ठेवला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय इतिहासाकडे गेला तो रास्तच झाले. अमेरिकेत मात्र जुन्या यादवी युद्धातील म्हातारे जिवंत होते तोवर त्यांची साक्ष घेणारा एक माणूस निघाला. एल्मर कीथ या शिकारी लेखकाने आपल्या १९५५ च्या रिव्हॉल्व्हरवरील ग्रंथात नोंदविले आहे की, त्या म्हाताऱ्यांच्या मते कोठाभर दारू आणि गोल गोळी यांनी माणूस किंवा जनावर जितके चटकन पडे, तितके सरकारी टोकदार गोळीने पडत नसे. कीथने स्वतः पुढे ज्या गोळ्या आखल्या त्यांचे टोक त्याने कापून सपाट केले. आज इटलीत बनणाऱ्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृती घेऊन अमेरिकेच्या काही राज्यांत जे लोक हरणे व रानडुकरे मारतात, तेही हरणाला गोल गोळी आणि डुकराच्या जाड खांद्याला सपाट तोंडाची जड गोळी, अशी वाटणी करतात.

फोर्सिथ हे पाहावयास राहिला नाही. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील त्याचे दुसरे आणि अधिक वाचले गेलेले पुस्तक छापखान्यात असतानाच १ मे १८७१ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो लंडनमध्ये वारला. पचमढीस त्याने बांधलेला बायसन लॉज अजून उभा आहे. त्यात आता संग्रहालय आहे. आणि ठासणीच्या रायफली हाताने घडविणारे अमेरिकेतील थोडे कारागीर १०४ इंचांत एक फेरा अशा सैल पिळाला अजून फोर्सिथचाच पीळ म्हणतात.